वहिनीचं नाक

धाकटा विहिरीत पडला.

आता हे झालं, असं मात्र समजू नका. तो पडला नाही असं घरात ठरलं आहे. कुणी विचारलंच तर धाकटा स्वतः सांगतो, "पडलो कुठं? नेहमीपेक्षा जरा लवकर उतरलो." ज्याच्या मांडीचं हाड मोडलं त्याचंच म्हणणं असं असेल, तर मध्ये तोंड घालणारे आपण कोण? तेव्हा तो पडला नाही. विहीर होती, दोर होता, धाकटा हातीपायी धड होता, तिथून सुरू करू.

विहिरी खणणं हे त्या घराचं पोट. त्या उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी रुसल्यासारखं खाली खाली गेलं, आणि ज्यांच्या विहिरी आटल्या ते "आणखी जरा खोल करून द्या" म्हणत दारात येऊन बसू लागले. आबा, म्हणजे घरातला म्हातारा, म्हणायचे, "लोकांच्या तोंडचं पाणी पळालं की आपल्या तोंडात घास पडतो." आबांची पाठ तरुणपणीच एका विहिरीत राहिली होती, वर आले ते उरलेले आबा. आता ते काठावर पोतं टाकून बसत आणि दोराकडे बघत.

खाली उतरून पहार चालवायचा तो धाकटा मुलगा. वर रहाट फिरवायचा तो थोरला. रहाट म्हणजे विहिरीच्या तोंडावर आडवं लाकूड, त्याला गुंडाळलेला दोर आणि बाजूला फिरवायचा दांडा. दम लागला की लाकडाच्या भोकात खुंटी घालायची, म्हणजे दोर जागच्या जागी राहतो. दोराच्या टोकाला कधी दगडमातीचं घमेलं, कधी पाळणा. पाळणा हे नुसतं म्हणायला. ती एक फळी, आणि तिच्यावर बाळाऐवजी धाकटा. वर आलेली घमेली ढिगावर ओतायचं काम थोरल्याच्या बायकोचं. दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून गावही वहिनी म्हणे. एकदा आबाही चुकून वहिनी म्हणाले आणि मग बराच वेळ खोकत बसले.

पण वहिनीचं खरं काम नाकाचं होतं. तिचा बाप पिणारा. तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिला घरात बसून कळायचं, की आज कुठली, आज किती, आणि आईनं मागच्या दारानं जायचं की नाही. असं नाक शाळेत शिकवत नाहीत.

लग्न झालं तर थोरलाही पिणारा निघाला. "नाकाला सवय होती, एवढंच बरं," ती म्हणायची. गेल्या साली त्याच्या हातून भरलेलं घमेलं सुटलं आणि खाली धाकट्याच्या डोक्याशेजारून गेलं. धाकट्याचा डावा कान तेव्हापासून जरा कमी आहे. थोरल्यानं त्याच दिवशी बाटली दगडावर फोडली आणि दारू सोडली. खरंच सोडली. पण उरलेल्या कानाला बोलण्यावर भरवसा नव्हता, म्हणून धाकट्यानं नियम घातला.

"दादा, आ कर. वहिनी, बघ."

रोज सकाळी रहाटापाशी थोरला तोंड उघडून उभा राहायचा आणि वहिनी टाचा उंच करून वास घ्यायची.

"बैल विकत घेतानासुद्धा इतकं बघत नाहीत," थोरला म्हणायचा.

"बैलाच्या हातात माझा दोर नसतो," धाकटा म्हणायचा.

"स्वच्छ," वहिनी म्हणायची. मगच धाकटा फळीवर बसायचा.

दुसरा नियम बापजाद्यांचा होता. खालचा माणूस अधूनमधून हाक मारणार, "वर कोण?" आणि वरच्यानं लगेच म्हणायचं, "आहे!" वर माणूस आहे, जागा आहे, दोर त्याच्या हातात आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात. ओ आली की पहार पुन्हा चालू.

गिरणीवाल्याच्या विहिरीला खाली काळा दगड लागला. घमेली जड झाली, रहाट फिरवून फिरवून थोरल्याचा उजवा खांदा भरून आला. रात्रभर कण्हायचा. वहिनीनं आबांच्या पाठीच्या गोळ्यांतली एक त्याला दिली. या गोळ्या आबांना मोठ्या दवाखान्यातून लिहून दिलेल्या; हिरव्या रेघेचं चंदेरी पाकीट. खांदा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तिनं चहाबरोबर एक दिली. मग दुपारची एक तो स्वतःच मागू लागला. औषध मागणाऱ्या नवऱ्याचं तिला कौतुकच वाटलं. आजवर त्यानं मागितलेलं दुसरं सगळं पाहता हे किती सोज्वळ.

आणि नेमकं त्याच सुमारास तिला संशय आला.

आधी ओ उशिरा यायला लागली. खालून "वर कोण?" यायचं. थोरला दांडा धरून उभा. मग, माशी उडवायला लागतो तेवढ्या वेळानं, "आहे."

"विहीर खोल चालली," आबा म्हणाले. "आवाजाला वेळ लागतो."

"खालून वर यायला लागत नाही तो?" वहिनी म्हणाली.

आबांनी यावर विचार केला आणि दोराकडे बघू लागले.

मग थोरला नाक खाजवायला लागला. मग रिकाम्या घमेल्याकडे बघून हसायला लागला. जेवताना घास हातात आणि डोळे मिटलेले. उठवलं तर म्हणायचा, "झोपलो नव्हतो, चव बघत होतो." वहिनी सकाळी वास घ्यायची: स्वच्छ. दुपारी पाणी देण्याच्या निमित्तानं: स्वच्छ. संध्याकाळी त्याच्या अंगरख्याचा, टोपीचा, एकदा तर जोड्याचाही.

"जोड्यात कोण पितं?" थोरल्यानं विचारलं.

"ज्याला लपवायचं असतं तो."

"अगं, मी शपथेवर सांगतो..."

"शपथ माझ्या बापानं पण घ्यायची. प्रत्येक घोटाआधी."

तिनं सरपणाचा ढीग उपसला. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. कोंबडी चावली, बाटली मिळाली नाही. त्याच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन बघितलं. पाणीच होतं, पण तिला ते जरा जास्तच पाणी वाटलं.

मग ती बाहेर शोधायला निघाली. बाजाराच्या रस्त्यानं नाक उघडं ठेवून चालली आणि ज्यांच्यावर तिचा कधीच संशय नव्हता ते सगळे तिला सापडत गेले. शिंप्याच्या तोंडाला लवंगेचा वास, आणि लवंगेखाली तोच. गाडीवाल्याला येत होता, गाडी चालू असताना. मास्तरांना सकाळच्या पारीच येत होता. ते तिला बघून फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, आणि फळा रस्त्यावरून दिसतो हे विसरले. गिरणीवाल्याच्या आईलासुद्धा, आणि ती म्हातारी तर गुडघ्याला चोळते म्हणायची. घरी येईपर्यंत वहिनीचं डोकं दुखायला लागलं. गावात तोंडाला वास न येणारा मोठा माणूस एकच उरला होता, आणि तिचा संशय त्याच्यावरच होता.

दारू विकणाऱ्या बाईनं तर तिला बसायला पाट दिला.

"तुझा नवरा येत नाही गं माझ्याकडे," ती म्हणाली. "आधी मला वाटलं, माझंच काही चुकलं."

"दुसरीकडे जात असेल."

"इथं दुसरीकडे आहेच काय? पुढच्या गल्लीतली माझी बहीण. तिचं आणि माझं माप एक, भांडण एक. तिथंही नाही. तू नवऱ्याला बघ नीट, आजारी असेल तो. चांगला पिणारा माणूस असा एकदम नाहीसा होत नाही."

परत येताना वहिनी औषधाच्या दुकानात थांबली. औषधवाला चष्मा कपाळावर चढवून बसायचा आणि लोक त्याला डॉक्टर म्हणायचे, कारण खरा डॉक्टर लांब होता आणि हा जवळ.

"वास नसलेली दारू असते का हो?" तिनं हळूच विचारलं.

तो मनापासून हसला. "असती तर मी नसती का ठेवली? नसते, वहिनी. आबांच्या गोळ्या ना?"

"हो."

"थोरल्यालाही हीच लागू पडते ना? मग दोन पाकिटं घेऊन जा. परत परत कशाला हेलपाटा."

"चिठ्ठी आणली नाही."

"चिठ्ठी कशाला, माणसं ओळखीची आहेत."

दोन्ही पाकिटं पदराच्या टोकाला बांधून, शिंप्याकडे वाईट नजरेनं बघत, वहिनी घरी आली.

मधे एकदा गोळ्या संपल्या आणि औषधवाला लग्नाला गेला होता. थोरल्याला हुडहुडी भरली. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, पोटात कळा. पाय तर झोपेतही सायकल चालवल्यासारखे हलत होते. वहिनीनं कपाळावर ओली पट्टी ठेवली. "ताप आहे," आबा म्हणाले. कपाळ गार होतं, पण आबा म्हणाले म्हणून ताप. औषधवाला परत आल्या आल्या तिनं धावत जाऊन पाकीट आणलं. गोळी पोटात गेली आणि थोडक्या वेळात थोरला उठून बसला, चहा मागितला, तिच्याकडे बघून हसलाही.

"बघ," आबा म्हणाले, "औषध कसं लागू पडतं."

वहिनीलाही ते पटलं. संशय तिनं ताप उतरेपर्यंत बाजूला ठेवला होता, तो पुन्हा उचलला.

ज्या दिवशी धाकटा लवकर उतरला त्या दिवशी सकाळी ऊन आधीच तापलं होतं. आबांनी पोतं झाडून टाकलं. थोरला आ करून उभा राहिला.

वहिनीनं वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"काय झालं?" धाकट्यानं विचारलं. "वहिनी, लोणी शोधतेस की दारू?"

"भाऊजी, आज नका उतरू."

"वास आला?"

"नाही."

"मग?"

"येत नाही म्हणूनच." तिला पुढं सांगता येईना. "यांचं काहीतरी आहे. मला सापडत नाही."

थोरल्याचं तोंड मिटलं. "घरात, दारात, गावच्या पोराबाळांदेखत तोंड उघडून उभा राहतो मी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच तिला लागलं. "स्वच्छ असूनसुद्धा नाहीच का? मग प्यायलेला काय वाईट होतो?"

गिरणीवाला येऊन उभा होता; त्याची गिरणी पाण्यावाचून नव्हे, पण घर पाण्यावाचून अडलं होतं आणि तो घाई करायला आला होता.

"नियम म्हणजे नियम," धाकटा शेवटी म्हणाला. "वास नाही ना? सोड मग." आणि फळीवर बसून, काठावरच्या मंडळींना मंत्र्यासारखा हात करून तो खाली गेला.

दुपारपर्यंत घमेली वर येत राहिली. थोरल्यानं जेवणाआधी दुसरी गोळी घेतली. पाणी वहिनीनंच दिलं. जेवायला म्हणून धाकट्याला वर घ्यायचं होतं. तो फळीवर बसला, दोर हलवला, रहाट फिरू लागला. वहिनी शेवटचं घमेलं घेऊन ढिगाकडे गेली. पाठ वळली होती, पण कान तिथंच होते.

"वर कोण?" धाकट्याचा आवाज अर्ध्या वाटेवरून आला.

रहाटाची करकर थांबली. खुंटी भोकात बसते तेव्हा एक ठोका ऐकू येतो. तो आला नाही.

ती वळली. थोरला दांड्याला टेकून उभा होता, हनुवटी छातीवर, एक हात नाकाशी खाजवायला गेलेला. चेहरा इतका निवांत, की लग्नानंतर तिनं तो तसा पाहिला नव्हता. दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती.

"खुंटी!" आबा ओरडले. उठायला गेले आणि पाठीनं त्यांना पोत्यावरच आपटलं.

दांडा सुटला. गरगर फिरला, थोरल्याच्या मनगटावर बसला, तेव्हा त्याला जाग आली. दोर सरसरत गेला. खालून पहारीवर काहीतरी आपटल्याचा, मग चिखलाचा आवाज आला.

आणि मग वरून उत्तर गेलं.

"आहे," थोरला म्हणाला.

गुडघाभर चिखलानं धाकट्याला वाचवलं आणि चिखलाखालच्या काळ्या दगडानं त्याची मांडी मोडली. गिरणीवाला, शिंपी, गाडीवाला, सगळ्यांनी मिळून त्याला वर काढलं. तोवर गर्दी जमली होती आणि गर्दीला एकच हवं होतं.

"प्यायला असणार!"

"जुनं व्यसन, जातंय कुठं?"

"वहिनी, वास घे त्याचा!"

तिनं सगळ्यांसमोर वास घेतला. मग गिरणीवाल्यानं घेतला, मग शिंप्यानं, स्वतःचं तोंड आवळून धरत. थोरला आ करून उभा होता. मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात, गालांवरून पाणी वाहतंय. आ मिटायला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

"स्वच्छ आहे," शिंपी जरा नाराजीनं म्हणाला.

"मग दोरच जुना असेल," गिरणीवाला म्हणाला, आणि लोक पांगले.

आरोग्य केंद्रात सिस्टर एकटीच होती. तिनं धाकट्याच्या पायाला फळ्या बांधल्या, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, कळ मारायला एक गोळी दिली. मग थोरल्याच्या मनगटाकडे वळली, आणि मनगट सोडून त्याच्या डोळ्यांकडे बघू लागली. पापणी वर केली. भर उजेडात नाही, खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा वर केली.

"बाहुल्या अंधारातही मोहरीएवढ्याच," ती म्हणाली. "यांना काय देता?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाली. "फक्त औषध."

"कुठलं?"

वहिनीनं पदराची गाठ सोडली. चंदेरी पाकीट, हिरवी रेघ. ते तिनं टेबलावर ठेवलं, तर तिथं आधीच एक तसंच होतं, नुकतीच धाकट्याला दिलेली एक गोळी काढलेलं.

सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "कोण देतं? किती?"

"मी," वहिनी म्हणाली. "मागतील तेवढ्या."

"उभ्या उभ्या डुलक्या घेतात? खाज सुटते? गोळी नसली की थंडी, जांभया, पोटात मुरडा?"

"तो ताप होता," वहिनी म्हणाली. म्हणता म्हणता तिला ते गार कपाळ आठवलं.

सिस्टरनं सांगितलं ते तिनं उभ्यानं ऐकलं. ही अफूच्या घराण्यातली. मोडलेल्या हाडाला चार दिवस चांगली. दुखणं गेल्यावरही घेत राहिलं की गोळीच माणसाला घेते. एकदम बंदही करायची नाही, रोज इथं घेऊन या, हळूहळू उतरवू. दुकानातून आणायची नाही.

थोरला भिंतीला टेकून बसला होता. "मी पीत नव्हतो," तो म्हणाला. "खरंच गं. दारू प्यायलो की मला तोंड लपवावंसं वाटायचं. हिनं तसं कधी वाटलं नाही. आणि तूच देत होतीस. मला वाटलं, चला, आपण सुधारलो."

वहिनीनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

धाकटा मोठ्या दवाखान्यातून परत आला तो आता खाटेवर आहे. पाय कधी जमिनीला लागेल ते सांगत नाहीत, विहिरीला लागणार नाही हे सांगितलं. रहाट पडवीत आडवा पडून आहे. "पडलो नाही" हे त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं ते दादाकडे बघून, आणि तेव्हापासून घरात कुणी तो शब्द काढत नाही. थोरला रोज सिस्टरकडे जाऊन येतो, घामानं भिजतो, उंबऱ्यात बसतो. वहिनी चुलीपासून मधेच हाक मारते, "दारात कोण?" आणि हातातलं काम थांबवून ऐकते. कधी ओ लगेच येते. कधी येत नाही. मग ती उठते.

परवा धाकट्यानं तिला जवळ बोलावलं.

"वहिनी, ती गोळी दे ना अजून एक."

"दुखतंय, भाऊजी?"

"तसं नाही," तो हसून म्हणाला. "छान वाटतं." आणि नाक खाजवलं.

तिनं मोठ्या दवाखान्यातून त्याच्याबरोबर आलेलं, त्याच हिरव्या रेघेचं पाकीट उचललं आणि आबांच्या खोलीत गेली. आबा पोत्यावर बसून भिंतीकडे बघत होते, आणि "सूनबाई, माझी गोळी" म्हणायला त्यांनीही तोंड उघडलं. तिथून ती अंगणात गेली. एक गोळी काढून नाकाशी धरली. काही नाही. दाताखाली फोडून वास घेतला. पाण्यात भिजवून, तव्यावर गरम करून घेतला. खडूला याहून जास्त वास असतो. उभ्या जन्मात जे नाक कधी फसलं नव्हतं, ते अंगणात नुसतं वारा ओढत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. कारकून टेबलामागं बसला होता, शर्टाची घडी मोडली नव्हती, तोंडाला साबणाचा वास.

"मला अर्ज द्यायचाय. मी सांगते, तुम्ही लिहा."

कारकून तिच्याकडे बघत राहिला. मग, माशी उडवायला लागतो तेवढ्या वेळानं, म्हणाला, "हं." आणि नाक खाजवून पेन उघडलं.

वहिनीनं त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं. मग खुर्ची जरा मागं घेतली आणि सांगायला लागली.

"प्रति, माननीय मोठे अधिकारी, औषध खाते. विषय: गोळीस वास लावून मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, दारू पिणाऱ्या माणसाच्या तोंडाला वास येतो, त्यामुळे त्याच्या हाती कुणाचा दोर द्यायचा नाही हे घरच्यांस वेळेवर समजते. सदर हिरव्या रेघेच्या गोळीस असा कोणताही वास नाही. त्यामुळे घरची माणसे ती स्वतःच्या हाताने, पाण्यासकट देतात. तरी सदर गोळीस कोणताही एक वास, शक्यतो घाण, लांबून येईल असा, तातडीने लावून मिळावा. वास ठरविण्याकामी अर्जदाराचे नाक, कामाच्या कोणत्याही दिवशी, स्वखर्चाने हजर करण्यात येईल. वास लागेपर्यंत खाली उतरलेल्या सर्व माणसांना वर काढून ठेवावे, ही नम्र विनंती."